गार कागद

मी एक टेबल बोलतोय. सागवानी, लांबट गोल, चोवीस माणसं भोवती बसतील एवढा. बोलायला सुरुवात केली आहे खरी, पण मला जे आठवतं ते तसंच घडलं होतं का, याची मला खात्री नाही. विद्यापरिषदेच्या सभा तीस-पस्तीस वर्षं अंगावर घेतल्या की लाकडालाही खोड लागते. काही म्हणायचं तर आधी पुरावा शोधायचा, आणि तो सापडला नाही की स्वतःवरच शंका घ्यायची.

त्यातून माझी शंका एका कागदाबद्दल आहे. तो गार होता, असं मला वाटतं.

पण आधी माझ्याबद्दल. माझं लाकूड आलापल्लीच्या जंगलातलं. नागपुरात मनोहरराव नावाच्या सुताराने मला तीन तुकड्यांत घडवलं, कारण सभागृहाचं दार अरुंद होतं. आत आणून मला जोडलं तेव्हा दाराकडचा एक पाय टेकेना. अधिकारी रागावले. मनोहररावांनी खाली वाकून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "पाय आखूड नाही जी. तुमची फरशीच बसली हाये." पाय आखूड आहे हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. तेव्हापासून त्या पायाखाली कागदाची घडी आली. घडी सरकली की मी डुगडुगायचो, मग शिपाई नवी घडी घालायचा.

मी शाळेत गेलो नाही, पण रसायनशास्त्रापासून पाली भाषेपर्यंत प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम माझ्यावरून गेला आहे. विद्यापीठात काय शिकवायचं आणि कुठे शिकवायचं, हे माझ्याभोवती ठरायचं. वरच्या टोकाला अध्यक्ष आणि अधिकारी बसत. दाराकडच्या टोकाला, माझ्या आखूड पायापाशी, शिक्षकांनी मतं देऊन पाठवलेले शिक्षक. त्यांची एक अडचण होती. विद्यार्थ्यांसमोर ते तासभर सलग बोलत, पण इथे तोंड उघडण्याआधी तीनदा घसा साफ करत.

माणसं मला कधी थोपटतात, तेही मी शिकलो. विषय मान्य झाला की सगळे हाताने मला वाजवतात. कोण वाजवत नाही, हे कुणी बघत नाही. मला मात्र कळतं. तसंच, विरोधासाठी हात वर गेला की माझ्यावर टेकलेलं कोपर उचललं जातं. तेवढी जागा हलकी होते. मी मतं अशी मोजत आलो.

शेवटी एक प्रकार असे, 'आयत्या वेळचे विषय'. छापील यादीत नसलेले, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे. ते पाचनंतर निघत. तोवर काटोल, उमरेड, भंडाऱ्याचे शिक्षक बस गाठायला उठलेले असत. ज्या विषयावर बोलणारं कुणी नको, तो विषय आयत्या वेळी यायचा. हे सर्वांना माहीत होतं, आणि तरी सर्व जण बस गाठत होते.

डिसेंबरातली अठरा तारीख होती. पाच वाजून गेले, खुर्च्या सरकल्या, चोवीसपैकी अकरा माणसं उरली. चारुशीला मोहरील पर्स खांद्याला लावून पुन्हा खाली बसल्या. त्या कामठीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत. चहाचे कप उचलणारे रुपराव, आमचे शिपाई, त्यांना हळूच म्हणाले, "काहून मॅडम, आज ऑटो नाही पकडत का?"

"आज नाही, रुपराव. आज काहीतरी शिजून राहिलंय."

खरंच शिजत होतं. कामठीचे सायंकालीन वर्ग पुढच्या वर्षापासून बंद, कारण पट कमी. एवढाच विषय, एका ओळीचा.

चारुशीलाबाई उठल्या. या वेळी त्यांनी घसा साफ केला नाही. "सर, हा विषय अभ्यास मंडळाकडे गेलाच नाही. शिकवणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. माझ्या वर्गात काजल नावाची मुलगी आहे. दिवसभर नागपुरात सदर बाजारातल्या दुकानात उभी असते, संध्याकाळी वर्गात येऊन बसते. यंत्रमागावरची पाळी संपवून येणारी मुलं आहेत. सकाळच्या वर्गाला ती येऊच शकत नाहीत."

"भावना समजल्या मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

"भावना नाही सर, विरोध. मत घ्या."

"घेऊ, घेऊ. कोणाचा विरोध?"

चार कोपरं उचलली गेली. मी मोजली. चौथं प्राध्यापक गिरिधर ठोंबरे यांचं होतं. हे संख्याशास्त्राचे वयस्क शिक्षक, प्रत्येक वाक्याला 'बहुधा' जोडणारे. त्यांचं कोपर खाली येताना कपाला लागलं आणि चहा माझ्यावर सांडला. रुपरावांनी फडकं मारलं. वरच्या टोकाने टेबल वाजवला. विषय मंजूर.

आमच्या परिषदेचा एक नियम आहे. विरोधाची नोंद झाली तर विषय पुढच्या भरल्या सभेत परत घ्यावा लागतो. 'एकमताने' लिहिलं की दार बंद. म्हणून त्या चार कोपरांची नोंद होणं हेच सगळं होतं.

दहा मिनिटांत सभेचं इतिवृत्त सहीला आलं. टाइप केलेलं, दोन प्रती. त्यात होतं, 'चर्चेअंती एकमताने मंजूर'.

इथे माझी शंका सुरू होते. छापून नुकताच निघालेला कागद ऊबदार असतो. असे हजारो कागद माझ्यावर ठेवले गेले आहेत. हा गार होता. म्हणजे सभेच्या आधीच तयार होता का? चर्चा होण्याआधीच चर्चेचा अंत लिहिलेला होता का? पण डिसेंबरात नागपुरात काय गार नसतं? मी स्वतःही गारच होतो. उगाच कुणावर आळ कसा घ्यायचा?

सहीची प्रत फाइलच्या मापाला खालून कातरली गेली आणि फाइलमध्ये गेली. दुसरी अधिकाऱ्यांनी रुपरावांच्या हातात दिली. "ही फाडून टाका." रुपरावांनी ती हातात धरली, बराच वेळ. सभागृह रिकामं झाल्यावर ते माझ्या आखूड पायापाशी बसले. जुनी घडी काढली, काहीतरी दुमडलं, त्यावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं आणि खालून खिळ्यांसारख्या दोन बारीक चुका ठोकल्या. एवढी काळजी त्यांनी कधी घेतली नव्हती. मी डुगडुगायचा थांबलो.

फेब्रुवारीत सभा भरली, चोवीसच्या चोवीस. पहिला विषय नेहमीचा, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. याला दहा सेकंद लागतात. चारुशीलाबाई उभ्या राहिल्या आणि ते दहा सेकंद तासभर चालले.

"हे एकमताने झालं नव्हतं. आम्ही चौघे विरोधात होतो. मी हे कायम होऊ देणार नाही."

"मॅडम, ते नेहमीचं वाक्य आहे," अध्यक्ष हसले. "टाइप करणाऱ्याच्या बोटांत बसलंय."

"मग बोटांतून काढा सर. माझ्या तोंडात घालू नका."

काही हसले. कुणीतरी म्हणालं, "बसा ना मॅडम, चहा थंडा होऊन राहिला." बाईंनी मान वळवून दाराशी उभ्या रुपरावांना विचारलं, "दुसरी, न कातरलेली प्रत होती ना? ती कुठे गेली?"

रुपराव माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "फाडली जी."

त्यांना मी दोष देत नाही. घरी लग्नाच्या दोन मुली आणि नोकरीची शेवटची तीन वर्षं.

"पुरावा नाही ना?" अध्यक्ष म्हणाले. "मग पुढे जाऊ."

"पुरावा मी आहे," बाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं माझ्या कडेवर घट्ट होती.

तेव्हा गिरिधर ठोंबरे उठले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझी आठवण आता भरवशाची नाही. मी हात वर केला होता, की चष्मा नीट करत होतो, हे मी दोन महिने स्वतःला विचारतो आहे. पण हात खाली आणताना माझा कप सांडला होता. चष्म्याला हात लावताना माणूस इतका घाबरत नाही." आणि त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. "हा बघा डाग."

चोवीस माणसं माझ्याकडे वाकली. आयुष्यात पहिल्यांदा. डाग होता. त्याच दिवसाचा होता का, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. सागावर इतका चहा सांडला आहे. पण उरलेले दोघे उठले. मग, ज्यांनी त्या दिवशी पाचची बस गाठली होती, त्यांच्यातली एक-एक खुर्ची मागे सरकू लागली. भंडाऱ्याचे सर म्हणाले, "आम्ही त्या दिवशी उठलो, हीच आमची चूक. आज उठतो ते ती दुरुस्त करायला."

इतिवृत्त दुरुस्त झालं. विषय अभ्यास मंडळाकडे गेला. शिकवणाऱ्यांनी दोन बैठका घेतल्या, वेळापत्रक बदललं, कामठीचे वर्ग चालू राहिले.

पुढे सभागृहात काचेची टेबलं आली, प्रत्येकासमोर माइक आला. माझे तीन तुकडे करून मला गोदामात टाकलं. दोन वर्षं माझ्यावर तुटके पंखे होते. मग कामठीच्या महाविद्यालयाने जुनं सामान मागितलं आणि मी टेम्पोत बसून त्या वर्गांपाशी आलो, ज्यांच्यासाठी माझ्यावर चहा सांडला होता. आता संध्याकाळी माझ्यावर वह्या उघडतात. काजल आता इथेच शिकवते. चारुशीलाबाई निवृत्त होऊन प्रताप नगरला राहतात आणि फोनवरून तिला रागावतात.

काचेच्या टेबलाभोवती बसणाऱ्या गुरुजनांनो, म्हाताऱ्या लाकडाचं एवढं ऐका. बस सुटली तर दुसरी येते. शेवटचा विषय होईपर्यंत उठू नका. आणि हात वर केलात तर खाली आणण्याआधी बघून घ्या, तो लिहिला जातोय का.

माझी शंका मात्र माझ्यासोबत आली होती. गेल्या महिन्यात वर्गात फरशी नवी बसवली. फरशी सपाट झाली आणि आठ वर्षांची ती घडी पायाला टोचू लागली. मी उलटाच डुगडुगायला लागलो. काजलने मुलांकडून मला कलता करवून पक्कडीने चुका काढल्या, दुधाची पिशवी सोडवली, घडी उलगडली. कागद कोरडा होता. 'चर्चेअंती एकमताने मंजूर' एवढं वाचून ती थांबली. मग खालच्या कोपऱ्यात यंत्राने आपोआप छापलेली बारीक ओळ तिने मोठ्याने वाचली.

सभा अठरा डिसेंबरची होती. कागद छापला होता सोळा डिसेंबरला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.