वास कुणाच्या घरचा?

मी हवेचा व्हॉल्व्ह बोलतोय. कपाळाला आठी पडली ना? पडू दे. संडासाच्या पाइपाच्या टोकावर बसणाऱ्याशी ओळख ठेवायला तुम्हाला सवड कुठली!

माझं काम सोपं. कुणी फ्लश केला, की पाणी धाडकन खाली जातं आणि जाताना मागून हवा ओढतं. तेवढ्यापुरता मी उघडतो, खोलीतली हवा पाइपात सोडतो आणि लगेच मिटतो. मी हवा दिली नाही, तर ते पाणी बाथरूमच्या जाळीखाली साठलेलं पाणीही ओढून नेतं. गटाराचा वास अडवणारं तेवढंच तर पाणी असतं.

कर्वेनगरच्या सोसायटीत मी आलो, तो तात्यारावांच्या हौसेपायी. सगळ्यात वरच्या, पाचव्या मजल्यावरचे तात्याराव सोसायटीचे सेक्रेटरी. त्यामुळे गच्ची आपल्या तीर्थरूपांचीच, असा त्यांचा समज. तिथे हिरवळ अंथरायची होती आणि नेमका मधोमध गटाराचा हवेचा पाइप उभा. "आता पाइप गच्चीवर न्यायची गरजच नाही, काका," इंटिरियरवाला चेतन म्हणाला. पाइप कापला, भोक बुजवलं आणि मला बाथरूमच्या कोपऱ्यात बसवलं.

इथवर ठीक होतं. पण मी दिसायला बरा नाही म्हणे! चेतनने माझ्याभोवती सनमायक्याची पेटी केली, फटी सिलिकॉनने बुजवल्या. मला मोकळी हवा लागते, हे माझ्या खोक्यावर ठळक छापलं होतं. पण सूचना वाचणं पुणेकराला कमीपणाचं; तो त्या फक्त लिहितो.

आठवडाभरात घरात वास सुटला. तात्यारावांनी स्वतःच्या घरात क्षणभरही शोधलं नाही. खालच्या मजल्यावर सत्यशीला रामटेके राहतात, भंडाऱ्याच्या, सरकारी अधिकारी. त्यांनी फ्लॅट घेतला तेव्हापासूनच तात्यारावांचं नाक वाकडं होतं.

"सुकट भाजतात. त्यांचाच वास हा," असं म्हणून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'काही सभासदांनी स्वयंपाक करताना इतरांच्या संस्कारांचं भान ठेवावं.' नाव न घेता अपमान करायचा, याला ते सभ्यपणा म्हणतात. खाली अंगठ्यांची रांग लागली.

सत्यशीलाबाई वर आल्या. "तात्याराव, आधी माझ्या घरी येऊन वास घ्या. मग लिहा."

"अहो, आम्ही आपलं नाव घेतलंय का?"

"नाही ना. म्हणूनच जिने चढून यावं लागलं."

तात्यारावांनी त्यांना आत या म्हटलं नाही. पेटीत कोंडलेला मी सगळं ऐकत होतो आणि मला लाज वाटत होती. ज्यांना वाटायला हवी होती, ते चहा पीत होते.

पुढे सत्यशीलाबाई रजा काढून आईकडे भंडाऱ्याला गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप लागलं. वास मात्र वाढला.

तात्यारावांच्या पत्नी ललिताबाईंनी एका सकाळी फ्लश केला आणि त्या थबकल्या. जाळीतून घुटघुट आवाज आला. वाकून पाहिलं, तर जाळीखाली ठणठणीत कोरडं!

"अहो, खाली कुलूप आहे. आता सुकट कोण भाजतंय?"

तात्यारावांनी पेपर आणखी उंच धरला.

ललिताबाईंनी जाळीत बादलीभर पाणी ओतलं, वास थांबला. पुन्हा फ्लश केला. पुन्हा घुटघुट, पुन्हा वास. हे सगळं बाथरूमचं काम झाल्यापासूनचं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या स्टुलावर चढल्या आणि भाजीच्या सुरीने पेटीचं सिलिकॉन कापायला लागल्या.

"अगं, चेतनला विचार तरी! सगळा लूक जाईल!"

"त्या बाईंची अब्रू घालवलीत, तेव्हा कुणाला विचारलंत?"

झाकण निघालं. जाळीत पुन्हा पाणी ओतून त्यांनी फ्लश केला आणि मी पहिल्यांदा पोटभर हवा घेतली. घुटघुट नाही, वास नाही.

तात्यारावांनी ग्रुपवर लिहिलं: 'तांत्रिक कारणामुळे येणारा वास दूर झाला आहे.' माफीचा शब्द नाही. ललिताबाईंनी खाली स्वतःच्या नावाने लिहिलं: 'वास आमच्या संडासाचा होता. बोल मात्र सत्यशीलाताईंना लावला. मी माफी मागते.'

गावाहून परतल्यावर सत्यशीलाबाई दारात आल्या. "तुमचं वाचलं, ललिताताई. बरं वाटलं."

"आत या ना, चहा टाकते."

"येईन की. त्यांनीही तसं लिहिलं, की त्याच दिवशी येईन."

आता मी उघडाच आहे. झाकण बसवायला आलेल्या चेतनला ललिताबाईंनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. बाबांनो, मला लपवायचंच असेल तर निदान पेटीला हवेसाठी जाळी ठेवा, एवढंच मागणं आहे.

तात्याराव? ते अजून योग्य शब्द शोधताहेत.