वृषभावतीच्या वाळूतला झरा

चंपाषष्ठीच्या आधीच्या रविवारी मी गल्लीतल्या पोरांना वृषभावतीच्या काठची जुनी वस्ती दाखवायला निघालो, तेव्हा कस्तुराबाई दारात येऊन म्हणाली, "आप्पाजी, मी आणि क्षमाही येणार. देव घेऊन."

मी स्वल्प थांबलो. तिचा नवरा बसवंत वैशाखात गेला होता. कन्नड मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या गविपुरातल्या मराठ्यांत गेलेल्या कर्त्या माणसाचा चांदीचा टाक करतात, घरच्या देवांबरोबर नदीत न्हाऊ घालतात आणि मग देवघरात बसवतात. न्हाऊ घालायचं काम मुलाचं, आणि पुढे देव राहतात ते त्याच्याच घरी. कस्तुराबाईला एकटी क्षमा. तेव्हा धाकटा दीर सयाजी टाक न्हाऊ घालून सगळे देव शिवाजीनगरला आपल्या घरी नेणार, असं भाऊबंदांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"सयाजी चिडेल गं," मी म्हणालो.

"चिडू देत. मला कुणी विचारलं होतं?"

आम्ही चालत निघालो. म्हैसूर रस्ता ओलांडल्यावर मी पोरांना दगडी मंडप दाखवला, झिजलेल्या पायऱ्या दाखवल्या. "आपले खापरपणजोबा घोड्यांना इथंच पाणी पाजायचे," असं सांगितलं. पोरं पायऱ्या उतरून खाली पळाली आणि काठावर थबकली. वरच्या अंगाला कापड रंगवायचे कारखाने झाले होते. पाणी काळंनिळं, वर फेस.

"आप्पाजी, नदी शाई प्यालीय!" परसू ओरडला. सगळी हसली. क्षमा हसली नाही. तिनं आईच्या हातातल्या पंच्याच्या गाठोड्याकडे पाहिलं.

तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. कुणीतरी सयाजीला कळवलं होतं. सायकल मंडपाला टेकवून तो पायऱ्या उतरला.

"वहिनी, हा काय पोरखेळ? या गटारात दादाला बुडवणार? द्या ते इकडे. माझ्या घरी नळ आहे."

कस्तुराबाई पाण्याकडे बघत राहिली. नदीतच न्हाऊ घालायचं, हे तर तिचंच म्हणणं होतं.

मी पोरांना वाळवंटाकडे बोलावलं. "उन्हाळ्यात नदी आटली की तुमच्या आज्या पाणी कुठून भरायच्या?"

"विहिरीतून!"

"विहीर एक, आज्या पन्नास. इथं खणा. हातानं."

पोरांना तेवढंच हवं होतं. कोपरभर खड्डा झाला आणि तळाशी पाणी पाझरलं. लालसर, गढूळ.

"बघा! हेही घाणच," सयाजी म्हणाला.

"पहिलं पाणी गढूळच येतं. उपसून टाका रे. आता पुन्हा येऊ दे. घाई करू नका."

पोरं उपसत राहिली, खड्ड्याभोवती पालथी पडून वाट बघत राहिली. हळूहळू तळाचे खडे दिसायला लागले. परसूनं ओंजळ भरून वर धरली. "काका, हे बघा. तुमच्या नळाहून बरं आहे."

सयाजीनं पाणी पाहिलं. "पाणी सरी, ठीक आहे. पण न्हाऊ कोण घालणार? ही पोर? भाऊबंद काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत," कस्तुराबाई म्हणाली. "आजारपणात यांचे पाय हिनं चेपले. शेवटचं पाणी हिनं तोंडात घातलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही, पोरीच्या हातचं चालत नाही म्हणून. तुम्ही कुठं होता, भावजी?"

"दुकान सोडून येता येत नव्हतं..."

"मग आजही दुकानातच बसायचं होतं."

"चंपाषष्ठीला तुमच्याकडे एकही माणूस जेवायला येणार नाही, सांगून ठेवतो!"

"सरी. वांगी कमी चिरावी लागतील."

तिनं पंचा सोडला आणि क्षमाच्या मांडीवर ठेवला. क्षमानं आधी खंडोबाचा टाक न्हाऊ घातला, मग भवानीचा. वडिलांचा कोरा करकरीत टाक हातात घेऊन मात्र ती थांबली.

"आप्पाजी, पाणी फार गार आहे. बाबांना खोकला होता."

"मग मुठीत धर. ऊब आली की घाल."

तिनं मूठ मिटली. मग तिनं टाक पाण्यात धरला, अंगठ्यानं हलकेच चोळला, पुसला आणि इतर देवांमध्ये ठेवला.

सयाजी पायऱ्यांकडे वळला, पण निघाला नाही. "दादाचा टाक... एकदा हातात देशील का गं?" त्याचा आवाज खाली आला होता.

क्षमानं आईकडे पाहिलं. आई पंच्याची गाठ मारत होती. वर बघायला तयार नव्हती.

"देईन की, काका," क्षमा म्हणाली. "चंपाषष्ठीला या. आमच्या घरी. खंडोबाची तळी उचलायला माणसं लागतात."

गाठोडं तिनं डोक्यावर घेतलं आणि पायऱ्या चढायला लागली. मागून आम्ही सगळे. सर्वांत शेवटी सयाजी, मंडपापासून सायकल हातात धरून, चालत.