घोड्याला भरवलेला अनारसा

रिटायर झालेल्या डॉक्टर गद्र्यांनी ओटावाबाहेर शर्यतीत धावणाऱ्या एका घोड्यात भागीदारी घेतली होती. फेडरल सरकारने शर्यतीत नाक खुपसू नये, हे ते ज्याला त्याला ऐकवत. दिवाळीत, मधुमेहामुळे स्वतःला वर्ज्य असलेला घरचा अनारसा त्यांनी शर्यतीआधी लाडाने घोड्याला भरवला.

घोडा पहिला आला. सरकारी माणूस त्याला लघवीच्या तपासणीसाठी घेऊन गेला, तेव्हा डॉक्टरांना तो अनारसा आठवला. अनारशावर खसखस असते, आणि खसखस म्हणजे अफूचं बी. तपासणीत मॉर्फिन सापडलं तर घोडा बाद आणि वर डोपिंगचा डाग.

घरी येऊन त्यांनी बायकोला, उल्काताईंना, सगळं सांगून टाकलं.

"यंदा खसखस मिळालीच नाही, तीळ लावलेत," त्या म्हणाल्या. "चष्मा न लावता डब्यात हात घातला की असं होतं."

डॉक्टर खुर्चीत मटकन बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग सावरून म्हणाले, "तरी सांगतो, घोड्यावर नजर ठेवायला सरकार कशाला हवं?"

उल्काताईंनी डबा वरच्या फळीवर ठेवला. "घोड्यावर नकोच. मालकावर ठेवा म्हणावं."