गोकुळकाकांचं अक्षर

नीताच्या माहेरचा कोंडीपाडा नळयोजनेतून गळाला, आणि तोही तिच्याच फाईलमुळे. सूर्यमाळच्या अंगाला असलेला हा पाडा. एप्रिल लागला की तिची आई, रखमी, दोन हंड्यांसाठी दरीत उतरते. जव्हारच्या कचेरीत नकाशे काढणाऱ्या लेकीच्याच हातून पाडा पुसला जावा, याला काय म्हणावं?

खरं तर दोष तिचा नव्हता. इथल्या संगणकात एक प्रोग्राम, ठाण्याच्या सल्लागाराकडे दुसरा. फ्लॉपीतला नकाशा तिकडे उघडला की रेषा सगळ्या धड पोचत, मराठी नावांचा मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा होई. तिथल्या माणसाने कचरा झाडून टाकला आणि जुन्या यादीवरून नावं पुन्हा घातली. कोंडीपाडा त्या यादीत नव्हताच. मग बिननावाच्या ठिपक्याकडे जाणारी पाइपलाइन कोण ठेवणार? शुक्रवारपर्यंत दुरुस्त नकाशा आला तर बघू, असं तिथल्या साहेबांनी कळवलं.

नीताने तीन फॉन्ट बदलून पाहिले. पालथ्या घड्यावर पाणी. इंग्रजीत लिहावं, तर मंजुरीला मराठी नकाशाच लागे. ती रडकुंडीला आली.

गोकुळकाका कचेरीतले जुने ट्रेसर, हाताने नकाशे गिरवणारे. संगणक आल्यापासून त्यांच्या टेबलावर फक्त चहाचे कप असत, तरी संगणकावर त्यांचा राग नव्हता. त्याला ते 'नीताची म्हैस' म्हणत आणि आज किती दूध दिलं, असं रोज विचारत. त्या दिवशी मात्र त्यांनी थट्टा केली नाही.

"रेषा पोचतात ना तुझ्या?" ते म्हणाले. "मंग अक्षर म्हंजे तरी काय गं पोरी? रेषाच की."

काकांनी आलेखाच्या कागदावर एकेक नाव लिहिलं. हात थरथरायचा, पण कागदाला टेकला की शांत. नीता चौकोन मोजून तीच वळणं पडद्यावर रेषा-रेषांनी काढू लागली. 'ड'चं पोट खपाटीला गेलं की काका शेजारून टोकत. दोन दिवस दोघांना जेवणाचं भान नव्हतं.

शुक्रवारी ठाण्याहून फोन आला. नावं सगळी पोचली होती, पाइपलाइन कोंडीपाड्यापर्यंत धरली होती. नीताला हुंदकाच फुटला. साहेब पुढे म्हणाले, अक्षर सुरेख आहे, फॉन्ट कोणता?

तिने काकांकडे पाहिलं. "गोकुळ," ती म्हणाली.

तो आम्हालाही पाठवा, असं साहेबांनी सांगितलं.

"नाही जमायचं, साहेब. ऑक्टोबरात रिटायर होतायत ते."