भावाचे डोळे

कटिंगच्या टेबलावर पंचवीस वर्षं कात्री चालवलेल्या त्या बाईला कपड्यांच्या कारखान्यात सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिची कात्री कधी रेघ सोडायची नाही. पण गेलं वर्षभर ती डाव्या अंगानं येणाऱ्या माणसांना धडकायची आणि वर त्यांनाच विचारायची, "दिसत नाही का?"

नंबर बदलला असेल म्हणून ती डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला, यंत्रात डोकं ठेवायला लावलं, दिवा दिसला की बटण दाबायला सांगितलं.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेलीय. गेलेली परत येणार नाही, उरलेली राखायची. हे थेंब रोज घालायचे, एक दिवससुद्धा चुकवायचे नाहीत."

"पण दुखलं कसं नाही कधी?"

"बहुतेकांना दुखतच नाही. म्हणून तर चाळिशीनंतर तपासत राहायचं. घरात कुणाला होता?"

आई शेवटी शेवटी भिंत चाचपत चालायची. वय झालं, असं म्हणून सगळे गप्प बसले होते.

"भावंडं?"

"एक धाकटा भाऊ आहे. बस चालवतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्याला याच आठवड्यात आणा."

सांगायला सोपं होतं. चार वर्षं त्या दोघांत विस्तव जात नव्हता. आई त्याच्याकडे असताना जिन्यावरून पडली, ती पुन्हा उठली नाही. तेव्हा चार नातेवाइकांसमोर मास्तरीण त्याला म्हणाली होती, "धडधाकट असून एका म्हातारीवर लक्ष ठेवता आलं नाही तुला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बस डेपोच्या फाटकाशी उभी राहिली. भाऊ गाडीतून उतरला तो पायरी पायानं चाचपत. ती पुढे झाली.

"काय काम काढलंस?" त्यानं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं.

"मला काही झालेलं नाही. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, ताई. तपासलं आणि निघालं, तर गाडी काढून घेतील."

"आणि नाही तपासलंस तर? मागे पन्नास माणसं बसलेली असतात."

तो हातातला रुमाल पिळू लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "गेल्या आठवड्यात एक सायकलवाली कुठून आली, कळलंच नाही. आरसा तिच्या खांद्याला घासून गेला. तिला लागलं नाही. घरी कुणाला बोललो नाही मी."

"आईलाही हेच असणार," मास्तरीण म्हणाली. "पायरी तिला दिसलीच नसेल. तुझी चूक नव्हती. मी नको ते बोलले."

"चार वर्षं लागली तुला." एवढं बोलून तो चालू लागला.

पण सकाळी तो दवाखान्याच्या दारात तिच्या आधी हजर होता. त्याचे दोन्ही डोळे तिच्यापेक्षा वाईट निघाले. कागद हातात घेऊन तो थेट डेपोत गेला आणि चाव्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. त्याला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. कालपर्यंत जी गाडी तो हाकत होता, तिच्या वेळा आता लोकांना सांगायच्या. महिनाभर तो घरात कुणाशी धड बोलला नाही. मास्तरीण रोज फोन करायची.

"थेंब घातलेस?"

"घातले," म्हणून तो फोन ठेवून द्यायचा.

सहा महिन्यांनी दोघांची पुन्हा तपासणी झाली. दाब उतरला होता, नजर होती तिथेच थांबली होती. डॉक्टरीणबाई खूश होत्या. भाऊ हसला नाही.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "माझ्या मुलीला कधी आणायचं?"

"चाळिशी कशाला गाठू द्यायची? पुढच्या वेळी घेऊनच ये."

समोर बस येऊन थांबली. "तू जा," तो म्हणाला. "मला अजून प्रवासी म्हणून बसवत नाही."

मास्तरीणनं बस जाऊ दिली आणि ती त्याच्याबरोबर पायी निघाली.