चार पानांचं उत्तर

स्टुलावर चढून मधुसूदनरावांनी एसीचं झाकण उघडलं. आतली धुळीनं करडी झालेली जाळी दिसली, आणि कोणतंही यंत्र पाहिलं की आठवायचं तसं त्यांना सेवादासचं पत्र आठवलं. सतरा वर्षं झाली होती. पत्र कपाटातल्या शब्दकोशात जपून ठेवलेलं होतं, आणि त्याचं उत्तर अजून गेलं नव्हतं.

"उतरा खाली," पलंगावरून रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "माझं हृदय आत्ताच दुरुस्त करून आणलंय. तुम्ही पडलात तर पुन्हा बिघडायचं."

"पुस्तिकेत लिहिलंय, जाळी घरच्या घरी काढून धुता येते."

"लिहिणाऱ्याचं वय काय होतं, तेही लिहिलंय का?"

एसी त्यांच्या लेकीनं, आभानं, पुण्याहून पैसे पाठवून बसवायला लावला होता. यवतमाळहून आलेल्या दोन माणसांनी तो भिंतीवर टांगला आणि ते निघून गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं की उन्हाळाभर बाईंची खोली थंड पाहिजे. आता मे महिना होता, आर्णीत पारा पंचेचाळीसच्या वर होता आणि चार दिवसांपासून एसी नुसता वारा फेकत होता.

"त्या सेवादासला फोन करा ना. अख्खं गाव त्यालाच बोलावतं."

"बघू. आधी मी करून पाहतो."

हे 'बघू' रत्नप्रभाबाई पंचेचाळीस वर्षं ऐकत होत्या. मात्र त्याच्यामागे या वेळी काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सेवादास हा जवळच्या तांड्यावरचा. मधुसूदनराव वाचनालयाचे ग्रंथपाल होते तेव्हा तो शाळा सुटली की तिथं येऊन बसायचा, दिवे मालवेपर्यंत वाचायचा. पुढं फ्रीज-एसीच्या मशीनचं काम शिकायला नागपूरला गेला आणि तिथून त्याचं पत्र आलं. 'सर, इथलं पुस्तक इंग्रजीत आहे. चार पानांची झेरॉक्स पाठवतो. मराठीत करून द्या. तुम्हाले सगळे शब्द येतात.'

घोटाळा त्या शेवटच्या वाक्यानं केला. मधुसूदनरावांना ते शब्द येत नव्हते. कोशात पाहून त्यांनी 'संघनक' लिहिलं, 'बाष्पक' लिहिलं, आणि वाचून पाहिलं तर त्यांनाच काही कळेना. यात चूक झाली आणि पोरगा नापास झाला तर? त्यांनी तो कागद फाडला. मग दुसरा लिहिला, तोही फाडला. उशीर झाला म्हणून लिहायची लाज वाटू लागली, आणि लाज वाटते म्हणून आणखी उशीर होऊ लागला. सेवादास शिकून परत आला, माहूर रोडवर त्यानं दुकान टाकलं, तेव्हापासून मधुसूदनराव बाजारात जाताना माहूर रोड टाळून मागच्या गल्लीनं जात.

जाळी नळाखाली धुतली, तेव्हा पाणी चहासारखं निघालं. ती सावलीत वाळवून बसवेपर्यंत दुपारचे बारा वाजले. मग त्यांनी पुस्तिका पुन्हा वाचली आणि एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. बाहेरच्या युनिटवर थेट ऊन पडू देऊ नये, असं तिथं होतं.

बाहेरचा तो मोठा डबा गच्चीवर रखरखत्या उन्हातच बसवलेला होता. मधुसूदनरावांना आपणहून तोडगा सुचला. उभा जन्म त्यांनी कूलरवर काढला होता. कोठीत वाळ्याच्या दोन जुन्या ताट्या पडून होत्या. त्यांनी त्या बादलीत भिजवल्या आणि सुतळीनं डब्याभोवती चारही बाजूंनी गच्च आवळल्या. भिजल्या वाळ्याचा वास सुटला. खाली येऊन बटण दाबलं, तर काय, खरोखरच गार हवा आली!

"अगं बाई," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "जमलं की हो तुम्हाला!"

मधुसूदनरावांनी पुस्तिका छातीशी धरली होती. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळलं. आज आपल्या हातानं काहीतरी केलं.

वीस मिनिटांनी गच्चीवर खट् आवाज झाला आणि हवा कोमट झाली. त्यांनी बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा खट्. तीनदा असं झालं. तोवर रत्नप्रभाबाईंचं नेसूचं घामानं भिजलं होतं आणि त्या तोंडानं श्वास घेत होत्या. मधुसूदनराव पुन्हा पुस्तिका उघडू लागले, तसा बाईंनी उशाशी असलेला फोन उचलला.

"सेवादास ना? मी वाचनालयाच्या सरांच्या घरून बोलते."

तो दहा मिनिटांत आला. चाळिशीकडे झुकलेला, कानाशी केस पांढरे झालेले. दारातच वाकून त्यानं मधुसूदनरावांच्या पायाला हात लावला.

"काकू, आधी तुमी बाजूच्या खोलीत पंख्याखाली आरामखुर्चीत बसा. सर, चला, पाहू द्या मले."

गच्चीवर येताच तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मोठ्यानं हसला.

"बाप्पा! मशीनले घुंगट कोणं घातला, सर?"

"ऊन लागू नये म्हणून," मधुसूदनराव पुटपुटले. "पुस्तिकेत..."

"थे कूलर नोहे ना, सर. आपल्या इकडं हरेक उन्हाळ्यात दोन-चार घरी हेच पाहतो मी. वाळ्याची सवय जात नाई माणसाची." त्यानं सुतळी कापली. आतून भट्टीसारखी धग आली. "मशीन थंडी बनवत नाई, सर. खोलीतली गरमी उचलते अन् इथं आणून फेकते. तुमी फेकाची जागाच बांधून टाकली. मंग थे गरमी जाईन कुठं?"

"हे चौथ्या पानावर होतं," मधुसूदनरावांच्या तोंडून निघून गेलं.

सेवादास डब्याच्या मागच्या बारीक पात्यांवर पाणी मारायला नळी लावत होता. त्याचा हात थांबला.

"कोणत्या चौथ्या पानावर?"

मधुसूदनरावांनी कठड्याला हात टेकला. कठडा पोळत होता, पण त्यांनी हात काढला नाही.

"तुमाले पत्र भेटलं होतं?" सेवादासनं हळूच विचारलं.

"हो."

सेवादासनं नळी खाली ठेवली.

"मले वाटे टपालात हरपलं असन," सेवादास म्हणाला. "होस्टेलची पोरं चिडवत. रोज कोणाच्या पत्राची वाट पाह्यतं बे, म्हणत. मी म्हणो, आमचे सर आहेत, त्याईले सगळं येते. नाई आलं, तं म्हटलं, सरांपर्यंत गेलंच नसन. सर असे नाईत."

"मला ते शब्द येत नव्हते, सेवादास. चूक होईल म्हणून भ्यालो."

"एवढंच लेहाचं होतं ना, सर. येत नाई म्हणून. एक ओळ." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मधुसूदनरावांना सोसेना. "तुमाले बी येत नाई म्हटल्यावर मले वाईट नसतं वाटलं. उलट धीर आला असता."

मग तो कामाला लागला. पाती धुतली, त्यांत अडकलेल्या वाळ्याच्या काड्या चिमट्यानं एकेक वेचून काढल्या, डबा निवू दिला. डब्यावर सावलीला पत्रा कसा लावायचा, दोन हात उंचावर आणि चारही बाजू मोकळ्या, ते बोटानं दाखवलं. खाली येऊन एसी चालू केला आणि आरामखुर्चीतल्या काकूंना पलंगावर आणून बसवलं.

निघताना दारात वळला. "सर, जाळी तुमी मस्त धुतली, गार हवा त्याच्यानंच आली होती. थे पंधरा दिवसाले तुमीच धूत जा. त्याच्यापुढचं काम मात्र मले सांगजा. भेऊ नका."

तो गेल्यावर खोली गार पडली आणि रत्नप्रभाबाईंना झोप लागली. मधुसूदनरावांनी शब्दकोश उघडला. चार पानं पिवळी पडली होती, घडीवर फाटत आली होती. ते टेबलाशी बसले, पहिलाच कागद घेतला आणि तो फाडला नाही.

'प्रिय सेवादास, तुझं पत्र मिळालं. मला हे शब्द येत नाहीत. आज तू गच्चीवर सांगितलंस त्यावरून चार पानं जमतील तशी लिहिली आहेत. दुसरं पान मला अजूनही नीट कळलेलं नाही. चुकलं असेल तिथं दुरुस्त करून परत पाठव.'

खाली चार पानं मराठीत उतरवली. 'संघनक' कुठंही नव्हतं. 'गरमी उचलते आणि बाहेर फेकते' असं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला घालताना रत्नप्रभाबाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचला.

"अहो, दुकान पाच मिनिटांवर आहे त्याचं. हातात नेऊन द्या की."

"त्यानं टपालानं पाठवलं होतं," मधुसूदनराव म्हणाले.

ते मागच्या गल्लीनं गेले नाहीत. माहूर रोडवर सेवादासचं दुकान उघडं होतं. तो पाठमोरा बसून काहीतरी खोलत होता. मधुसूदनराव पुढं टपालपेटीपाशी गेले. पाकिटाचं एक टोक त्यांनी क्षणभर धरून ठेवलं, मग सोडलं. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.