सॉरीबाई

वॉशिंग मशीनच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सगळे तिला सॉरीबाई म्हणत. तक्रारीच्या काउंटरवर बारा वर्षं काढल्यावर तिला सॉरी जांभईसारखं आपोआप यायचं. नियमच होता तसा. गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की दहा सेकंदांत सॉरी, मग हवं तेवढं प्लीज. ‘आमचं चुकलं’ मात्र म्हणायचं नाही. सॉरी फुकट असतं, चूक कबूल केली की मशीन बदलून द्यावं लागतं, असं साहेब दर सोमवारी बजावत. दुरुस्तीनंतर कागदावर ‘ओके’ लिहायचं. मशीन चालो न चालो, कागद ओके.

अशी शिस्त अंगात मुरली की घरीही सुटत नाही. सहा महिन्यांपूर्वी आईचं ऑपरेशन होतं आणि त्या दिवशी आईपाशी सॉरीबाईने थांबायचं ठरलं होतं. नेमकं त्याच दिवशी ऑफिसात ‘केअर’ या विषयावर ट्रेनिंग निघालं. पहिल्या येणाऱ्याला बिल्ला होता. हिने सुट्टी मागितलीच नाही. केअर शिकून, बिल्ला मिरवत ती संध्याकाळी दवाखान्यात पोचली, तोवर थोरल्या बहिणीने सगळं एकटीने निभावलं होतं. त्या रात्री घरून हिने फोनवर सॉरी पाठवलं, वर जोडलेल्या हातांचं चित्र. उत्तर आलं, ‘ओके’. त्यानंतर अबोला. आई राहायची थोरलीकडे, आणि त्या घराची पायरी चढायला हिचं पाऊल उचलत नव्हतं. आईची आठवण मात्र रोज यायची.

आज सत्तेचाळीस नंबरचं टोकन घेऊन थोरली काउंटरसमोर उभी राहिली.

“तीनदा दुरुस्त झालं. तिन्ही वेळा ओके लिहून दिलंत. आईची चादर अजून मी हातानेच पिळतेय.”

“सॉरी मॅडम, तुम्हाला झालेल्या...”

“हे मलाही?” थोरली म्हणाली.

सॉरीबाईच्या मागे साहेब उभे होते. तरी ती एका दमात बोलून गेली, “आमचं चुकलं. आणि ताई, माझंही चुकलं. त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. मी सुट्टी मागितलीच नव्हती.”

साहेब पुढे झाले. “सॉरी बाई, पण मेमो द्यावा लागेल.” बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला कळलं, काउंटरच्या पलीकडून सॉरी कसं ऐकू येतं.

थोरलीने पिशवी उचलली. “सुट्टी मिळाली नाही म्हणून तू वेळेवर आली नाहीस, असं मी आईला सांगितलंय. अजून तुझ्या साहेबाला शिव्या घालते ती. रविवारी ये. खरं काय ते तूच सांग.”

सॉरीबाईच्या तोंडात ‘ओके’ आलंच होतं. ते गिळून ती म्हणाली, “येते, ताई.”